दीड हजारातलं दोन वर्षांच्या पोराच्या वाट्याला काय येतं?

मीना_पूर्वभाग
मंडळी, लांबलं तर सांभाळून घ्या.
मी सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं एका ग्राहक सेवा केंद्रात बसते. अंगठा लावून घ्यायचा, पैसे मोजून द्यायचे, पासबुक भरून द्यायचं. लाडकी बहीणचा हप्ता पडला की शटर उघडायच्या आधीच बायका पायरीवर बसलेल्या असतात. निम्म्याहून जास्त बिडीवाल्या. पानं कातरून आणि दोरा गुंडाळून बोटांचे ठसे झिजलेले, त्यामुळं मशीन दोन-तीनदा नकार देतं. मग बाई बोट पदराला पुसते, पुन्हा लावते.
गेल्या हप्त्याला एक बाई आली, कडेवर पोरगं. मला वाटलं, सव्वा वर्षाचं असेल. विचारलं तर सव्वादोन पूर्ण! तिनं दीड हजार काढले, माझ्यासमोरच सहाशे फायनान्सच्या हप्त्याला वेगळे केले, उरलेले पदराच्या टोकाला बांधले. मी सहज म्हटलं, "अक्का, यातलं ह्याला काय?" ती हसली. "ह्याला काय वेगळं ओ? घरात आलं म्हंजी त्याला आलंच की."
तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. घरी विषय काढला तर दीर म्हणाले, अमेरिकेत आयांना दरमहा पैसे देऊन बघितले, चार वर्षांनी पोरांत काडीचा फरक नाही, बसा तुम्ही अंगठे लावत. खरंच असं आहे का? गरिबी पोराच्या वाढीत नेमकी कुठून शिरते? आणि पैसे दिले तर ती बाहेर निघते का? अनुभव सांगा. राजकारण नको, त्याला बाकीचे धागे आहेतच.

शेंगाचटणी
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

रोखठोक
मीनाताई, तुमच्या दिरांना माझं अनुमोदन. माझं विडी घरकुलात, म्हणजे बिडीवाल्यांच्या वसाहतीत, किराणा दुकान आहे. हप्ता पडला की त्या आठवड्यात काय खपतं ते मला विचारा. रिचार्ज, कोल्ड्रिंक आणि पाच रुपयेवाली पाकिटं. दूध-अंड्याचा खप तेवढाच राहतो. द्यायचंच तर वस्तू द्या, रोख नको.

कडक_भाकरी
पाकिटांच्या माळा दारात तुम्हीच लटकवल्यात की ओ. अंडी ठेवा, अंडी खपतील. (हलकं घ्या.)

रोखठोक
ठेवली होती. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात ती आपोआप उकडतात.

हिंजवडीतला_सोलापूरकर
माझी आई बिड्या वळायची, त्यामुळं थोडं लिहितो.
आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कातरीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पंचवीसची जुडी बांधायची. मी पाच वर्षांचा असताना बिड्यांची तोंडं मोडायला बसायचो. पंचवीस, पन्नास, पाऊणशे, शंभर हा पाढा मला शाळेत जायच्या आधी येत होता. त्यामुळं "आम्ही पण गरिबीतच वाढलो, आमचं काय बिघडलं" हे वाक्य मी पार्टीत बऱ्याचदा टाकलेलं आहे. टाळ्या मिळतात.
पण माझ्या पाठीवर भाऊ आहे, तीन वर्षांनी लहान. तो पोटात असताना वडिलांची गिरणी बंद पडली. माझ्या वेळी घरात पगार होता, त्याच्या वेळी नव्हता. आई सातव्या महिन्यातही हजार-बाराशे वळत होती, आणि तो झाल्यावर महिन्याभरात पुन्हा सुपावर बसली. आमच्या चौकटीवर दोघांच्या उंचीच्या खुणा आहेत. माझी पाच वर्षांची खूण आणि त्याची सात वर्षांची खूण, मध्ये दोन बोटं. तो उशिरा बोलला. शाळेत "मंद आहे" म्हणून मागं बसवला. आज चांगलं चाललंय त्याचं, रिक्षा आहे, पोरंबाळं आहेत. पण आईबाप तेच, घर तेच, आईच्या हातची भाकरी तीच. फरक त्या दोन-तीन वर्षांचा. हल्ली पार्टीत ते वाक्य टाकत नाही.

कडक_भाकरी
दोन बोटं. च्यायला.

बालरोग_बार्शी
मी बार्शीत बालरोगतज्ज्ञ आहे. वरच्या प्रतिसादात आलं तेच आम्ही पुस्तकी भाषेत पहिले हजार दिवस म्हणतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत. या काळात मेंदूची वाढ सगळ्यात वेगानं होते, आणि उंची खुंटायचीही हीच वेळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. म्हणजे मीनाताईंच्या पायरीवर दर तिसरं पोरगं.
गरिबी शिरते कुठून? ताट रिकामं असणं हा एक दरवाजा. दुसरा दरवाजा आपल्या सोलापूरकरांना पटकन कळेल. नळाला काही दिवसांआड पाणी. पिंपात साठवलेलं, त्यात हात घालून तांब्या बुडवलेलं. पोराला महिन्यातनं दोनदा जुलाब. वारंवार संसर्ग झाला की आतड्याचं अस्तर खराब होतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. आई म्हणते, खातो की सगळं. खरंच खातो. मीनाताई, तुमच्या अक्का खोटं बोलत नव्हत्या.
तिसरा दरवाजा म्हणजे बोलणं-खेळणं. १९८६-८७ मध्ये जमैकात किंग्स्टनला १२९ खुज्या मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवायची. घरच्याच वस्तूंची खेळणी. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी बघितलं तर ज्यांच्या घरी खेळ गेला, ती मुलं बाकीच्या खुज्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त कमवत होती. नुसत्या आहाराचा असा परिणाम कमाईत दिसला नाही.

रोखठोक
म्हणजे मी म्हणतो तेच. पैसे नकोत, शिकवा.

बालरोग_बार्शी
बाराशे बिड्या वळणारी बाई तासभर कधी खेळणार, ते सांगा. मी दवाखान्यात "मुलाशी बोला" असं लिहून देतो आणि मलाच लाज वाटते.

आकडेमोड
मीना यांच्या दिरांनी सांगितलेल्या अभ्यासाबद्दल. अर्धं खरं आहे.
अमेरिकेतल्या चार शहरांत २०१८ पासून एक हजार गरीब आयांना बाळ जन्मल्यापासून दरमहा पैसे दिले गेले. चिठ्ठ्या टाकून काहींना ३३३ डॉलर, काहींना २० डॉलर. कशावर खर्च करायचे याची अट नाही. २०२२ मध्ये पहिला निष्कर्ष आला तेव्हा वर्षाच्या बाळांच्या मेंदूलहरींत फरक दिसला आणि सगळीकडे गाजावाजा झाला. चौथ्या वर्षी भाषा, वागणूक, मेंदूलहरी सगळं पुन्हा तपासलं, तर दोन्ही गटांत ठळक फरक नाही. हे खरं.
पण मधल्या काळात करोना आला, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं सगळ्याच कुटुंबांना मुलांमागं पैसे दिले, सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ३६०० डॉलरपर्यंत. म्हणजे वीस डॉलरवाल्यांच्या घरातही पैसे आले. त्या वर्षी तिथला बालदारिद्र्याचा दर ५.२ टक्क्यांवर उतरला होता. योजना बंद झाल्यावर पुढच्याच वर्षी १२.४ झाला. शिवाय ३३३ डॉलरमध्ये तिथं पाळणाघरसुद्धा येत नाही.
माझं मत विचाराल तर पैशानं मेंदू वाढतो हा दावा मी करणार नाही. पैशानं पोट, घरभाडं आणि कर्जाचा हप्ता भागतो हे मात्र नक्की. पुढचं बाकी गोष्टींवर.

कडक_भाकरी
आकडेमोड साहेब, ३३३ का? साडेतीनशे का नाही?

आकडेमोड
वर्षाचे चार हजार होतात. आधीच्या अभ्यासांत साधारण एवढ्या वाढीव उत्पन्नानं मुलांत फरक दिसला होता.

कडक_भाकरी
मी विनोद करत होतो ओ.

अंगणवाडीची_ताई
पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. मी शहरातल्याच एका अंगणवाडीत सेविका आहे.
रोखठोक दादा म्हणतात वस्तू द्या. वस्तू आम्ही १९७५ पासून देतोय! तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायला आहाराचं पाकीट, त्याहून मोठ्या मुलांना गरम आहार. दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं हा हिशोब कागदावर आहे. त्यासाठी २०१७ ला मुलामागं दिवसाला ठरले ८ रुपये. आठ रुपयांत दादांच्या दुकानात काय येतं? एक पाकीट आणि तीन रुपये सुट्टे. आणि आमचं पाकीट घरी गेलं की घरातली चार पोरं मिळून खातात, नाहीतर चव आवडली नाही म्हणून शेळीपुढं जातं. वस्तूलाही पाय फुटतात.
दर महिन्याला वजन, उंची, दंडाला पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबाराच्या आत पिवळं, म्हणजे मध्यम. पिवळं आलं की मी घरी जाते. एका घरात बाई सूप खाली ठेवतच नव्हती, माझ्याकडं न बघता बोलत होती. पोरगं तंबाखूच्या डब्याशी खेळत होतं. मी म्हटलं, जरा त्याच्याशी बोला. ती म्हणाली, "ताई, तुमीच बोला की, तुमाला पगार हाय."
मला राग नाही आला. मानधनाला पगार म्हणाली, तेवढंच बरं वाटलं.

शेंगाचटणी
अंगणवाडीची_ताई, लिहीत राहा. सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

अंबट_चुका
त्या पाकिटाचं थालीपीठ फार छान होतं. कांदा, कोथिंबीर, तीळ आणि थोडं दही घालायचं. गोड असेल तर दुधात शिजवून खीर.

शेंगाचटणी
शेंगाचा कूट घाला. सोलापूरकर असून तीळ?

अंबट_चुका
तीळ संक्रांतीला उरलेले. गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेली चिक्की पण कुटून घातलीय मी.

व्यवस्थापक
पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे. कृपया धागा भरकटवू नये.

कडक_भाकरी
खिचडी शिजते ती अंगणवाडीत, धाग्यावर नको.

लीड्सकर
मूळचा सोलापूरच्या दक्षिण कसब्यातला, आता इंग्लंडमध्ये. इथं मूल झालं की सोळा वर्षांपर्यंत चाइल्ड बेनिफिट येतं. २०२५-२६ मध्ये पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ पौंड. नोकरी गेली, नवरा गेला, तरी ते येतं. गंमत म्हणजे १९७० च्या दशकाअखेरपर्यंत मुलांसाठीची सवलत बरीचशी बापाच्या पगारातल्या करात मिळायची. नंतर ती रोख करून आईकडं दिली. रक्कम घरात तीच, फक्त हात बदलला. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासलं तर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायका-मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला होता. रोखठोक भाऊ, दुकानातली पाकिटं कोण मागतंय ते बघा. बाई की तिच्यासोबतचं पोर?

रोखठोक
पोर. आणि बाई "एकच" म्हणते. हे मान्य.
पण दुधाची पिशवी आणि देशी दारू दोन्ही रोखीनंच येतात, हेही लक्षात ठेवा. नवरे पासबुक काढून घेतात ते लीड्समधून दिसत नाही.

मीना_पूर्वभाग
रोखठोक, ते आहे. माझ्याकडं दोन बायकांचे नवरे पायरीवरच उभे असतात, हात पुढं करून. पण अंगठा बाईचाच लागतो, त्यामुळं तिला यावं लागतं. काही जणी मला डोळ्यानं खुणावतात, "हजारच काढा." बाकीचे खात्यात राहतात.

शेंगाचटणी
रात्र झाली, आता लिहिते. मी समाजकार्यात होते, वीस वर्षं योजनांची कागदपत्रं भरण्यात गेली.
आपण "लाडकी बहीण" आणि "मूल" एकत्र बोलतोय, पण ती योजना मुलासाठी नाहीच. २१ ते ६५ वयाच्या बाईला, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल तर मिळते. मूल असो वा नसो. आता त्या अक्कांचंच उदाहरण घ्या. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये, दुसऱ्या वेळी ६०००, पण दुसरी मुलगी असेल तरच. लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना, तीही टप्प्याटप्प्यानं. जन्माला ५०००, मग थेट पहिलीत गेल्यावर ६०००, शेवटी अठराव्या वर्षी ७५ हजार. बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० येतात, पण आईबाप दोघं किंवा एक नसेल, किंवा घर तसंच मोडलेलं असेल तेव्हा.
मीना, ते कडेवरचं पोरगं दुसरं असेल, आणि आईबाप जिवंत असतील, तर त्याच्या नावानं जन्मापासून पहिलीपर्यंत एक रुपया नाही. पाकीट आणि लस, बस्स. जन्माला दिलं, मग अठराव्या वर्षी दिलं, आणि डॉक्टर म्हणतात ते हजार दिवस मधल्या मध्ये कोरडे गेले. माझी तक्रार दीड हजाराबद्दल नाही. ते कुठल्या वयात येतात, याबद्दल आहे.

मीना_पूर्वभाग
दुसरंच आहे. पहिला मुलगा पाच वर्षांचा.

हिंजवडीतला_सोलापूरकर
शेंगाचटणी, पूर्ण सहमत. माझ्या आईला तेव्हा तीन महिने जरी घरबसल्या पैसे मिळाले असते... असो.

आकडेमोड
आणखी एक, कारण आपल्या जिल्ह्याला लागू पडतं. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ४६४ ऊसवाल्या शेतकऱ्यांवरचा अभ्यास छापून आला. तोच माणूस, ऊस तुटायच्या आधी हात कोरडा असताना आणि बिल आल्यावर, दोन वेळा डोक्याच्या चाचण्या घेतल्या. आधी वाईट गुण, नंतर चांगले. म्हणजे माणूस ढ नव्हता, डोकं देण्याघेण्यात अडकलेलं होतं. आपल्याकडं उसाचं बिल रखडलेल्या बापाला पोरानं तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तर काय मिळतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

कडक_भाकरी
माझ्या बापाची चप्पल ४६४ वेळा तरी सुटली असेल.

बालरोग_बार्शी
आकडेमोड, चांगला मुद्दा. म्हणून हप्ता कधी येणार हे माहीत असणं महत्त्वाचं. दोन महिने नाही आणि मग एकदम तीन हजार आले तर ते सावकाराकडं जातात. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दीड हजार आले तर बाई दुधाचा रतीब लावू शकते. रकमेपेक्षा तारखेचा फरक मी दवाखान्यात जास्त बघितलाय.
मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या आठ गावांत २०११ पासून दीडेक वर्ष सगळ्यांना दरमहा रोख दिली होती, आधी मोठ्यांना २०० आणि मुलामागं १००, नंतर ३०० आणि १५०. रक्कम चिल्लर वाटते. तरी मुलांची वजनं सुधारली, मुलींची विशेष.

नेहमीचा_वाचक
वाचतोय. तेलुगू घरांचा मुद्दा कुणी काढला नाही. आमच्या गल्लीत पोर तीन वर्षं "अम्मा, अन्नम, नीळ्ळु" (आई, भात, पाणी) ऐकतं आणि अंगणवाडीत "चिऊताई चिऊताई" सुरू होतं. ते गप्प बसतं, लोक म्हणतात बोलत नाही. घरी जाऊन बघा, आजीचं डोकं खातं. कानडी घरांतही तेच. प्रत्येक गप्प पोर गरिबीनं गप्प नसतं.

अंगणवाडीची_ताई
शंभर टक्के बरोबर! माझी मदतनीस तेलुगू बोलणारी, पद्मशाली आहे. ती रजेवर असली की माझ्या वर्गात निम्मी पोरं मुकी होतात. मी "रा, कूर्चो" (ये, बस) एवढं शिकलेय. तेवढ्यावर पण हसतात आणि मांडीवर येऊन बसतात.

लीड्सकर
अरे वा, कूर्चो! तीस वर्षांनी ऐकला हा शब्द.

रोखठोक
माझ्या दुकानात तेलुगूत उधारी मागितली तर मला पण कळत नाही.

मीना_पूर्वभाग
धागा महिनाभर थंड होता, पण आज पुन्हा हप्ता पडला आणि त्या अक्का आल्या, म्हणून वर काढतेय.
गर्दी कमी होती. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं, गेल्या महिन्याचे नऊशे कुठं गेले? त्यांना राग येईल असं वाटलं होतं. बोटं मोडून हिशोब दिला. थोरल्याच्या दप्तराला अडीचशे. सासूच्या डोळ्याचं औषध. रिचार्ज केला (रोखठोक, तुम्ही जिंकलात), त्यावर धाकटा गाणी ऐकतो. रॉकेलचा जुना स्टोव्ह दुरुस्त केला, गॅस संपला की पंचाईत होते म्हणून. उरलेल्याचं आठवेना.
मग स्वतःहूनच म्हणाल्या, आता दिवसाला हजार बिड्या होत नाहीत, सातशे-आठशेवर उठते. मी विचारलं, का? पैसे येतात म्हणून? तर म्हणाल्या, "ह्यो सूप ओढतोय ओ. आधी फटका द्यायची, आता म्हणते जाऊ दे, दोनशे नाही झाल्या तर नाही." आणि मग त्याला घेऊन नळावर जातात, तिथं शेजारणी असतात, तो बादलीत तांब्या बुडवत बसतो.
यात पैशाचा वाटा किती आणि पोरगं मोठं होऊन हट्टी झाल्याचा किती, मला नाही सांगता येणार. दिरांना सांगितलं तर म्हणाले, हा काय पुरावा आहे का.

आकडेमोड
पुरावा नाही. पण वहीत लिहून ठेवा.

बालरोग_बार्शी
दोनशे बिड्या म्हणजे साधारण किती वेळ?

हिंजवडीतला_सोलापूरकर
हात चांगला असेल तर दोन तास. आई दीड तासात करायची.

रोखठोक
स्टोव्ह कुठं दुरुस्त केला? माझ्याकडं वाती आहेत.

अंगणवाडीची_ताई
मीनाताई, त्या कुठल्या गल्लीतल्या? माझ्या हद्दीतल्या नसल्या तरी तिथल्या ताईला मी फोन करते. त्यांना मंगळवारी पोराला घेऊन पाठवा, वजनकाटा दुरुस्त होऊन आलाय. आणि अकराच्या आत या म्हणावं, नंतर आमची मीटिंग आहे.